दम लागला की हसायचं

सेलूच्या त्या मुलींच्या शाळेत खेळाचा तास आला की निम्म्या वर्गाचं पोट दुखायला लागायचं. आधीचे सर शिट्टी वाजवायचे, हात वर, हात खाली म्हणायचे आणि जिचा हात मागं राहील तिला उन्हात उभी करायचे. ते रिटायर झाले आणि त्यांच्या जागी पंचशीला आली. तिनंही पहिल्या दिवशी शिट्टी वाजवली. समोरच्या पोरींचे चेहरे तिनं बघितले आणि शिट्टी टेबलाच्या खणात टाकली ती टाकलीच.

दुसऱ्या दिवशी तिनं पाण्याची रिकामी बादली पालथी घातली आणि तिच्या बुडावर ताल धरला. म्हणाली, "चला, आडातून पाणी शेंदा." पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. "अगं शेंदा की! दोर जड आहे, कंबरेतून ओढा. आता कापूस वेचा. वाका, वेचा, ओटीत टाका. आता ओटी भरली, नाचत घरी चला." पोरी आधी लाजल्या, मग एक हसली, मग सगळ्याच. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा कुणाला ती ऐकूच आली नाही.

पंचशीलाचं म्हणणं साधं होतं. दम लागला की हसायचं. दम लागल्यावर हसता येत नसेल तर बाई चुकीचं शिकवायलीय असं समजायचं. हे ती पोरींना सांगायची आणि टीचर्सरूममध्ये कुणी विचारलं तर तिथंही सांगायची.

विचारलं ते नर्मदाबाईंनी. नर्मदाबाई मराठी शिकवायच्या, पन्नाशीला आलेल्या, गुडघे धरून जिना उतरायच्या. एक दिवस खिडकीतून बघून त्या म्हणाल्या, "पंचशीला, हे आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना जमंल का गं?" तिथून बायकांचा वर्ग सुरू झाला. सकाळी शाळा भरायच्या आधी, शाळेच्या हॉलमध्ये, दारं लावून. नर्मदाबाईंनी शेजारणी आणल्या. मोंढ्याजवळ भाजी विकणारी कडूबाई टोपली दाराशी ठेवून यायला लागली. आणि एका सकाळी संस्थेचे अध्यक्ष दिनकरराव यांच्या पत्नी कमलबाई आल्या. अंगानं भारी, डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला, डॉक्टरनं शुगर सांगितलेली. पहिल्या दिवशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी पदर खोचला. आठवडा गेला नाही तोच त्या फुगडीला हात पुढं करायला लागल्या. घामानं ओल्याचिंब होऊन, तोंडाला पदर न लावता, मोठ्यांदा हसायच्या. नर्मदाबाई पंचशीलाच्या कानात म्हणाल्या, "ह्यांना हसताना मी आजच बघितलं. वीस वर्षं वळखते."

बादलीचा आवाज हॉलमध्ये फार कर्कश व्हायचा. बायकांचे पाय उचलायला दुसरं काहीतरी हवं होतं. पोखर्णीच्या जत्रेत पंचशीलाला हलगी दिसली. तिनं उभ्या उभ्या वाजवून बघितली आणि तिथंच तिचे स्वतःचे पाय ताल धरायला लागले. तिनं ती घेतली. घरी मात्र नेली नाही. परस्पर शाळेत नेऊन हॉलच्या कपाटात ठेवली.

घरी मुंजाजी होते, तिचे वडील. नवरा सोनपेठकडं झेडपीच्या शाळेत मास्तर, शनिवारी यायचा. एरवी घरात बाप आणि लेक. मुंजाजी रेल्वेत गँगमन होते, आता रिटायर. अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीत गावाकडचं घर जळालं, तेव्हापासून ते सेलूतच. गावाचं नावही काढायचे नाहीत. सकाळी आंघोळ, मग बुद्धवंदना, मग स्टेशनपर्यंत एक चक्कर, असा त्यांचा दिवस.

हलगी आली आणि वर्गाला पंख फुटले. हॉलची फरशी हादरायची. कडूबाई तर म्हणायची, "बाई, तुमी वाजवायला लागलाव की माझं अंग माझं ऱ्हात न्हाई." एकदा कमलबाईंनी हलगी मागून घेतली, दोन-चार टोले मारले, लहान पोरीसारख्या लाजल्या आणि परत दिली.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मुंजाजी चक्कर मारता मारता स्टेशनऐवजी शाळेच्या रस्त्यानं आले. भिंतीपलीकडून आवाज आला. ते थांबले. हॉलची मागची खिडकी उघडी होती. पंचशीलानं वाजवता वाजवता सहज तिकडं बघितलं तर खिडकीत बापाचा चेहरा. तिची काडी चुकली. बायका हसल्या, त्यांना वाटलं गंमत आहे. तिनं परत ताल धरला आणि बघितलं तेव्हा खिडकी रिकामी होती.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती घरी गेली. मुंजाजी ओसरीवर बसलेले होते. जेवण झाकून ठेवलेलं, तसंच.

"आबा, जेवला न्हाईत?"

"कवापासून वाजवायलीस?"

"जत्रेपासून. आबा, ते बायकांच्या व्यायामासाठी हाय. त्यांचे पाय उचलत नव्हते, म्हणून…"

"माझ्या बापाचे पाय लय उचलायचे," मुंजाजी म्हणाले. "लगीन कुणाचंबी असू, पुढं आमी. वरातीत घोड्याच्या पुढं. नवरदेव उतरंस्तोर हात थांबवायचा न्हाई. बोटं फुटायची. मग मांडवाच्या बाहेर, गुरं बांधायच्या जागी, पत्रावळी मिळायच्या, त्याबी सगळे जेवून उठल्यावर. आन गावात कुणाचं ढोर मेलं की तेबी आमीच वढायचं. दीक्षा घेतली तवा बापानं हलगी आडात टाकली. गावानं आमचं दळण बंद केलं, किराणा बंद केला. माझी माय ज्वारी भिजवून खायची. पर बापानं हात लावला न्हाई. आन तू इकत आणलीस."

 हे पंचशीलाला तुकड्यातुकड्यानं माहीत होतं. असं एका दमात आबा कधी बोलले नव्हते.

"इथं तसं न्हाई, आबा," ती शेवटी म्हणाली. "इथं मला कुणी वाजव म्हणलं न्हाई. मी माझ्या मर्जीनं वाजवते. अध्यक्षांची बायको माझ्या तालावर नाचती."

"तापवली न्हवतीस," मुंजाजी एकदम म्हणाले. "ढप्प वाजत हुती. थंडीच्या दिवसांत कागद जाळून शेकावी लागती." आणि बोलून गेल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की जणू त्यांना कुणी चोरी करताना धरलं. ते उठून आत गेले. आतून म्हणाले, "तुला मजा वाटती ते खोटं न्हाई. मलाबी वाटायची. तेच तर झोंबतं."

पुढचे कित्येक दिवस घरात बोलणं कामापुरतं झालं. पंचशीलानं वर्ग थांबवला नाही, हलगीही थांबवली नाही. पण हात उचलताना आता मनात काहीतरी अडायचं. बायकांना ती म्हणायची, हसा, आणि तिला स्वतःला हसू आणावं लागायचं. हलगी शेकायला जुने पेपर जाळायची तेव्हा तर नकोसं व्हायचं, कारण शेकली की ती खरंच खणखणीत वाजायची.

संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला. वस्तीत फटाके वाजले, पेढे वाटले गेले. मुंजाजी रेडिओसमोर बसून होते. बातमी संपल्यावर त्यांनी रेडिओ बंद केला आणि उपरण्यात तोंड घालून रडले. पंचशीला त्यांच्याजवळ बसली. जळालेल्या घराचं, त्या साली गेलेल्या माणसांचं कुणीच काही बोललं नाही.

दुसऱ्या सकाळी हॉलमध्ये बायका निम्म्या होत्या. दोघीतिघींनी तिळगूळ आणला होता, पण हातावर न देता टेबलावर कागदात ठेवला. नर्मदाबाईंनी मात्र मुद्दाम जवळ येऊन तिच्या तळहातावर ठेवला. कमलबाई आल्या, व्यायाम केला, फुगडीच्या वेळी म्हणाल्या, "आज गुडघा दुखायलाय." आणि बाजूला बसल्या.

आठवडाभरानं दिनकररावांनी तिला ऑफिसात बोलावलं. बसा म्हणाले. चहा सांगितला. आवाज मऊ.

"मॅडम, तुमचं काम छान चाललंय. आमच्या घरातून सगळं कानावर येतं. संस्थेचा रौप्यमहोत्सव आहे, तुम्हाला माहीतच आहे. पालकमंत्री येणार. स्टेशनपासून शाळेपर्यंत मिरवणूक काढू. मी म्हटलं, बँड कशाला? आपल्याकडं घरचंच वाद्य आहे. मिरवणुकीच्या पुढं तुम्ही हलगी वाजवा."

पंचशीलाला आधी वाटलं, पोरींच्या कवायतीबद्दल बोलतायत. "पोरी नाचतील मागं?" तिनं विचारलं.

"पोरी कशाला? लोकांच्या पोरी रस्त्यावर नाचवायच्या का? तुम्ही एकट्या वाजवा. आणखी कुणी वस्तीतले असले तर घ्या. तुमच्या हातात ते पिढीजात आहे. शिकून थोडंच येतं?" ते हसले. "आता तर विद्यापीठाचंही तुमच्या मनासारखं झालं. आता खुशीनं वाजवा."

चहा आला होता. पंचशीलानं कपाला हात लावला नाही. तिच्या कानात बापाचा आवाज होता, घोड्याच्या पुढं, नवरदेव उतरंस्तोर. ओसरीवर तो ऐकताना तिला वाटलं होतं की ती ऐकतेय. खरं तर ते तिला आत्ता ऐकू आलं.

"सर, मी व्यायाम शिकवते," ती म्हणाली. "मिरवणुकीपुढं नाही वाजवणार."

"यात कमीपणा काय आहे? रोज वाजवताच की."

"रोज मी शिकवायला वाजवते."

"फरक काय पडतो?"

तिला नीट सांगता आलं नाही. रात्रभर घोकून ठेवलं असतं तर आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला नाही पडणार, सर." आणि उठली.

ते रागावले नाहीत. तेच जास्त वाईट होतं. सोमवारी सकाळी बायका आल्या तेव्हा हॉलला कुलूप होतं. शिपाई म्हणाला, छताची दुरुस्ती आहे. छतावर कुणी चढलेलं कधी दिसलं नाही. खेळाचे तास दहावीच्या जादा वर्गांना दिले गेले आणि पंचशीलाला लायब्ररीत पुस्तकांना कव्हरं घालायला बसवलं. नोकरी पक्की होती म्हणून राहिली. रौप्यमहोत्सवाला बँड आला. नर्मदाबाई अध्यक्षांकडं दोनदा जाऊन आल्या, तिसऱ्यांदा त्यांना भेट मिळाली नाही.

हलगी हॉलच्या कपाटात तशीच राहिली. मागितली असती तर शिपायानं काढून दिली असती. पंचशीलानं मागितली नाही. हा आपला ताठा की सुटका, हे तिचं तिलाच कळेना.

घरी तिनं सगळं सांगितलं तेव्हा मुंजाजींनी ऐकून घेतलं. "बरं केलंस," म्हणाले, पण त्यात जिंकल्याचा सूर नव्हता. थोड्या वेळानं म्हणाले, "बायकांचं काय मग?"

"बंद."

"कडूबाई इचारत हुती बाजारात. विहाराच्या मागं जागा हाय म्हणलो."

उन्हाळा लागता लागता विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत वर्ग सुरू झाला. वस्तीतल्या बायका आल्या, कडूबाई आली, नर्मदाबाई रिक्षा करून आल्या. वाद्य कुठलंच नव्हतं. पंचशीला तोंडानं ताल धरायची, बायका टाळ्या वाजवायच्या. मुंजाजी त्या वेळी स्टेशनकडं जायचे. जमत होतं. पण आवाज विहारापलीकडं जात नव्हता, आणि पूर्वी फरशी हादरायची तसं काही हादरत नव्हतं. एक-दोघी दमल्या की खाली बसायच्या, त्यांना उठवायला पंचशीलाला आता शब्द शोधावे लागायचे.

वैशाखातल्या एका दुपारी कमलबाई घरी आल्या. एकट्या, मागच्या गल्लीनं, डोक्यावरून पदर पुढं ओढलेला. दारातच उभ्या राहिल्या. चेहरा सुजल्यासारखा झाला होता, पायांवरही सूज दिसत होती.

"या ना, आत या."

"आत नको. वेळ नाही." मग घाईघाईनं म्हणाल्या, "शुगर परत वाढली. डॉक्टर म्हणतात चाला. अंगणात चालते, चार फेऱ्या झाल्या की रडू येतं. तुम्ही मला एकटीला शिकवा. इथं, दुपारचं. दार लावून. कुणाला कळणार नाही."

पंचशीलाच्या ओठांवर हो आलं होतं. तिच्या वर्गातली ही सगळ्यात आनंदी बाई होती.

"रोज सकाळी विहाराच्या मागं वर्ग असतो," ती म्हणाली. "तिथं या. सगळ्यांबरोबर."

"तिथं कशी येऊ मी?" कमलबाई कळवळून म्हणाल्या. "तुम्हाला कळत नाही का?"

"कळतं. पण चोरून नाही शिकवणार मी, ताई. माझ्या घरात चोरीचं काय आहे?"

कमलबाईंनी तिच्याकडं बघितलं. रागानं नाही, नुसतंच. "तुमचं बरोबर आहे," म्हणाल्या आणि आल्या तशा गल्लीनं गेल्या. सूज आलेल्या पायांनी त्यांना भरभर चालता येत नव्हतं. पंचशीला त्या वळेपर्यंत दारात उभी होती. हाक मारावी असं दोनदा वाटलं.

"कोण हुतं?" आतल्या खिडकीतून गल्लीकडं बघत मुंजाजींनी विचारलं.

"अध्यक्षांच्या घरच्या. शिकव म्हणत होत्या."

"मग?"

"विहारात या म्हणलं."

मुंजाजी दारापर्यंत आले. "आजारी दिसली," एवढंच म्हणाले.

"हो."

"तू बरोबर केलंस का चूक, मला सांगता येत न्हाई, माय."

"मलाबी न्हाई, आबा."

दुसऱ्या दिवशी वर्गात पंचशीला नेहमीपेक्षा लवकर पोचली. बायका जमेपर्यंत ती रस्त्याच्या बाजूला तोंड करून उभी राहिली. नर्मदाबाई आल्या, कडूबाई आली, वस्तीतल्या सुना पदर खोचत आल्या. ऊन वर आलं तरी तिनं सुरुवात केली नाही. नर्मदाबाई म्हणाल्या, "कुणाची वाट बघायलीस गं?"

"कुणाची नाही," पंचशीला म्हणाली आणि बायकांकडं वळली. "हात धरा."

कमलबाई आल्या नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.