कृपेची पुट्टी

"देवाच्या कृपेला अंत नाही," असे सुताराने जाहीर केले. तोंडात चार खिळे धरून केल्यामुळे त्यातला 'अंत' तेवढा ऐकू आला.

ऐकायला वहिनी होती. ती नवऱ्याची कुबडी न्यायला आली होती. सुताराने, तिच्या धाकट्या दिराने, कबूल केलेली कुबडी अजून फळीतच होती. भिंतीशी मात्र एक नवी शिडी हिरव्यागार रंगात वाळत होती.

"शिडीला रंग?" वहिनीने विचारले.

त्या घराण्यात शिडीला फक्त तेल देत. रंगाखाली लाकडाचा दोष दिसत नाही, म्हणून बापाने घालून दिलेला नियम. तीन महिन्यांपूर्वी सुताराने तो मोडला. एका पायरीतल्या गाठीत पुट्टी भरली, वर रंग मारला आणि शिडी थोरल्या भावाला दिली. दादा पडला रंगारी, त्याला रंगीत शिडीचे कौतुकच वाटले. सहाव्या पायरीवर त्याचे मत बदलले. खुबा मोडला.

मग फादर घरी आले, प्रार्थना झाली, सुतार ओक्साबोक्शी रडला आणि दादाने पडल्या पडल्या त्याचा हात धरून माफ केले. तेव्हापासून सुताराला गाढ झोप लागते. अंगही धरले आहे. दादाचे अंग उतरले.

वहिनीने घराच्या किल्लीने पाचवी पायरी खरवडली. खाली पुट्टी, पुट्टीखाली गाठ.

"चर्चची ऑर्डर आहे," सुतार खिळे हातात घेत म्हणाला. "घाई होती हो. आणि मागचं माफ झालंय ना?"

"तुम्हाला झालंय, भावजी. गाठीला कुणी माफ केलेलं नाही."

"पण देव तर पुन्हा..."

"घंटेला तेल घालायला फादर स्वतः चढतात. त्यांनाच विचारा."

ती रिकाम्या हाताने गेली. सुतार शिडी खांद्यावर टाकून चर्चमध्ये गेला. फादर फरशीवरचे मेण खरवडत होते.

"फादर, देव कितीही वेळा माफ करतो ना?"

"करतो."

"त्याच पापाला?"

"त्याच पापाला."

सुताराचा जीव भांड्यात पडला. त्याने शिडी भिंतीला लावली. फादरांनी किल्लीचा ओरखडा न्याहाळला.

"चढ," ते म्हणाले.

"मी?"

"कृपा आहे ना? चढ."

सुतार चार पायऱ्या चढला. पाचवीवर पाय जाईना. नेम धरून टाकलेला पायही तिथून परत येई.

"त्या दिवशी तू खरा रडलास, मी पाहिलंय," फादर खालून म्हणाले. "देवानं माफ केलं ते तू हे सोडावंस म्हणून. तू कृपेची पुट्टी केलीस, बाबा. भोक बुजवलं, वर रंग मारला, गाठ आत तशीच. उतर आता. सांभाळून."

शिडीचे त्याने करवतीने तुकडे केले. दोन दिवस बसून बिनगाठीच्या लाकडाची कुबडी केली, तेल दिले, स्वतःचा सगळा भार टाकून पाहिला आणि दादाकडे नेली.

दादाच्या खोलीत डब्यातले ब्रश वाळून दगड झाले होते. छताच्या कोपऱ्यात रंगवायचा राहिलेला हातभर तुकडा होता. दादा दिवसभर त्याच्याकडेच बघत पडून असे.

"डॉक्टर म्हणतात, घाई नको," दादा कुबडीकडे पाहून म्हणाला. "कदाचित लागणारच नाही."

सुताराने पलंगाशी गुडघे टेकले. "दादा, मला कळलं. माफी म्हणजे पुन्हा करायची मोकळीक नव्हे. ज्यानं एवढं माफ केलं, त्याच्यासमोर तेच पाप पुन्हा..." तो बराच वेळ बोलला. बापाची शपथ झाली, अश्रू झाले, कृपेचा अथांग सागरही येऊन गेला.

दादाने सगळे छताकडे बघत ऐकून घेतले.

"झालं बोलून?"

"झालं."

"मग पलंगाखालचं ते लघवीचं भांडं दे जरा. आणि नेताना सांडू नकोस."