बोळकं

दातांच्या डॉक्टरांचं धाकट्या भावाशी कधीच पटलं नाही, आणि वडील गेल्यापासून तर दोघांमध्ये विस्तवही जात नव्हता. कारण ऐकाल तर कपाळावर हात मारून घ्याल. कारण होतं एक झाड.

वडिलांची, म्हणजे अण्णांची, नर्सरी होती. घटपर्णीचं त्यांना भारी वेड. या झाडाच्या पानांच्या टोकांना घडे लोंबतात, आणि काठावरून घसरलेला किडा आत खलास होतो. दोन जातींचा संकर करून तिसरीच काढायची, हा अण्णांचा म्हातारपणचा नाद. शेवटी एक मनासारखी निघाली. तिचं नाव त्यांनी ठेवलं बोळकं, आणि जाताना धाकट्याला सांगून गेले, "बोळकं थोरल्याला दे."

धाकट्याचं डोकं फिरलं. आजारपण काढलं याने आणि झाड थोरल्याला! रागाच्या भरात त्याने सगळ्या संकरित रोपांच्या कुंड्यांतल्या नावाच्या पट्ट्या उपटून फेकल्या आणि रोपं स्वस्तातल्या फळीवर नेऊन मांडली. डॉक्टर आले, तेव्हा तो म्हणाला, "घे, यातलंच एक आहे."

"कुठलं?"

"ते तूच ओळख. डॉक्टर आहेस ना? अण्णांना भेटायला तुला सवड नव्हती, झाडासाठी बरी मिळाली! सगळी घेऊन जा, एक ठेव, बाकीची मुकाट्याने परत आण."

सवड नव्हती हे खोटं होतं. डॉक्टर रुसले होते. अण्णांचे दात पडल्यावर डॉक्टरांनी स्वतःच्या हातांनी कवळी करून दिली होती, आणि अण्णा ती सदऱ्याच्या खिशात घालून गावभर हिंडत. कुणी विचारलंच, तर आ वासून हसत आणि म्हणत, "घरातच डॉक्टर आहे ना, म्हणून ही दशा!" लोक पोट धरून हसायचे. डॉक्टरांना मात्र चारचौघांत नाक कापल्यासारखं व्हायचं. त्यांनी येणंच सोडलं.

तर डॉक्टरांनी सगळ्या कुंड्या गच्चीच्या कठड्याशी ओळीने मांडल्या आणि दवाखान्यातला तोंडात घालायचा छोटा आरसा घेऊन एकेका घड्याच्या तोंडात डोकावायला लागले. खाली पेशंट खोळंबले होते. बायको दोनदा हाक मारून गेली. डॉक्टरांना शुद्ध नव्हती.

बोळक्याचे आईबाप कोण, हे त्यांना रुसण्याआधीपासून माहीत होतं. आई मोठ्या तोंडाची, गुळगुळीत काठाची. बाप काळपट आणि दातेरी, काठाला आतून सुळे असलेला. मग हे पोर कुणावर गेलं असेल? डॉक्टरांनी हिशेब मांडला. बोळकं म्हणजे इवलंसं मडकं, तेव्हा घडे लहानच असणार. आणि बापाला एवढे दात असताना पोराला नसतील कसे?

एक रोप लाल, फुगीर घड्यांचं होतं, आ वासून बसलेलं. डॉक्टरांनी काठावरून बोट फिरवलं. कुठे काही टोचलं नाही.

"दाताचा पत्ता नाही. काय कामाचं?" म्हणत त्यांनी ते बाजूला सारलं.

शेवटी हवं ते सापडलं. चिमुकले काळे घडे, आणि आत दातांची अशी सुबक रांग, की डॉक्टरांचा ऊर भरून आला. "बापावर गेलास, लेका," ते मोठ्याने म्हणाले.

आता बाकीची परत करायची होती. पण परत कशाला? अण्णांच्या हातची रोपं विकून त्याने गल्ला भरायचा? त्यापेक्षा कुणालाच नकोत. डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या आणि एकेक रोप मुळासकट उपटून तापल्या फरशीवर टाकायला सुरुवात केली.

"अहो, जिवंत आहेत ती!" बायको ओरडली.

"मग? माझं रोजचंच काम आहे," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुंडी छातीशी धरून नर्सरीत गेले. धाकटा नळीने पाणी घालत होता. त्याने एकदाच पाहिलं आणि खो खो हसत सुटला.

"हे? अरे, याला तर चांगले दात आहेत!"

"असणारच. बोळकं म्हणजे छोटं मडकं..."

"दादा, दात नीट घासले नाहीत तर तोंडाचं काय होईल म्हणून सांगतोस तू पेशंटना?"

डॉक्टरांनी उत्तरासाठी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. हे वाक्य ते पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना रोज ऐकवायचे. तोंडाचं बोळकं होईल.

"बिनदाताचंच करायचं होतं अण्णांना," धाकटा म्हणाला. त्याचं हसू आता ओसरलं होतं. "दात आलेलं एकेक बाजूला टाकत गेले. शेवटी एक आलं, लाल, फुगीर, काठ अगदी साफ. मला म्हणाले, थोरल्याला दे. म्हणावं, माझ्यावर रुसलास ना, आता याला बसव कवळी. मला राग आला होता रे, म्हणून सांगितलं नाही. तू हात टेकून विचारायला येशील असं वाटलं होतं. जाऊ दे. आण बाकीची, दाखवतो कुठलं ते."

डॉक्टरांनी कुंडी हळूच खाली ठेवली.

"दादा, बाकीची कुठायत?"

"उपटली."

"उपटली म्हणजे?"

"कालच. गच्चीत, उन्हात पडलीत."

नळी धाकट्याच्या हातातून गळून पडली. पाणी दोघांच्या चपलांखाली साचत गेलं.

"चालता हो," धाकटा शेवटी म्हणाला. "पुन्हा मला तोंड दाखवू नकोस."

डॉक्टर वळले. सगळ्यांत आधी त्यांनी ते लाल रोपच उपटलं होतं. एकही मूळ न तुटता एका झटक्यात निघालं, म्हणून ते खूश झाले होते आणि सवयीने बोलूनही गेले होते, "झालं! दुखलं नाही ना?"