पोस्टमन पडू नये म्हणून

लिफ्टमिस्त्रींचा पाय मोडला तो लिफ्टमध्ये नव्हे, घरी. एकतीस वर्षं उघड्या शाफ्टच्या काठावर उभं राहून काम केलेला माणूस कपाटावरची सूटकेस काढायला स्टुलावर चढला आणि अडीच फुटांवरून खाली आला. घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं. ऑफिसातून सुपरवायझरचा फोन आला. कसे पडलात, असं त्याने विचारलं, मिस्त्रींनी खरं ते सांगितलं आणि सुपरवायझरने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"विश्रांती घ्या," शेवटी सुपरवायझर म्हणाला.

सहा आठवड्यांचं प्लॅस्टर होतं. बायको औषधांच्या दुकानात कामाला. सकाळी निघताना ती पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा आणि फोन हाताशी ठेवायची आणि "उगाच उठबस करू नका," असं बजावून जायची. पहिल्या आठवड्यात मिस्त्रींनी पेपर वाचला, जाहिराती वाचल्या, बिस्किटांच्या पुड्यावरचा मजकूर वाचला. दुसऱ्या आठवड्यात भाची आली. सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी ती परगावी चालली होती आणि तिचा कॉम्प्युटर ठेवायला जागा हवी होती. तिने तो मामाच्या पलंगाशेजारीच मांडला.

"एक खेळ घालून ठेवलाय," ती म्हणाली. "सोपा आहे. एक पोस्टमन असतो, तो गावात पत्रं वाटतो."

"आणि?"

"आणि काही नाही. वाटतो."

मिस्त्रींना हे पटलं. पोस्टमन कामाचा माणूस होता. दोन दिवस त्यांनी इमानेइतबारे पत्रं वाटली. तिसऱ्या दिवशी एका आठ मजली इमारतीत टपाल होतं. पोस्टमन एकेक मजला करत जिन्याने वर गेला, आठव्या मजल्यावर शेवटचं पाकीट दिलं आणि खाली यायला त्याने लिफ्टचं बटण दाबलं. दरवाजा उघडला. पोस्टमनने पाऊल आत टाकलं. आत लिफ्ट नव्हती.

पडद्यावर अक्षरं उमटली : आजची पत्रं पोचली नाहीत. मग सकाळ झाली आणि पोस्टमन आपल्या पलंगावर आळस देत उठला.

मिस्त्रींनी त्याला पुन्हा आठव्या मजल्यावर नेलं. पुन्हा तेच. असं अकरा वेळा करून त्यांनी वहीत नोंद केली, जशी ते तपासणीला गेल्यावर करत : बटण दाबल्यावर दोन सेकंदांत दरवाजा उघडतो. लिफ्ट कुठल्याही मजल्यावर असो.

संध्याकाळी बायको चपला काढत होती तेव्हाच त्यांनी तिला सांगितलं, "हा बिघाड नाही. हा गुन्हा आहे."

"कुणाचा?"

"ज्याने बसवली त्याचा."

"खेळातली आहे ना ती?"

"लिफ्ट ती लिफ्ट."

बायकोने त्यांच्याकडे आणि मग त्यांच्या पायाकडे पाहिलं आणि चहा टाकायला गेली.

भाचीला फोन केला तर ती हसली. "मामा, ती लिफ्ट प्रसिद्ध आहे. सगळे पडतात. खेळ बनवणारी कंपनीच बंद झाली, आता कोण दुरुस्त करणार? तुला एवढं खुपत असेल तर मॉड लिही."

मॉड म्हणजे काय, ते तिने समजावलं. खेळाच्या फायली आपणच उघडायच्या, हवा तो बदल करायचा आणि तो इतरांनाही वापरायला द्यायचा.

"परवानगी कुणाची घ्यायची?"

"कुणाचीच नाही."

हे मिस्त्रींना जरा जड गेलं. वीज बंद केल्याची सही घेतल्याशिवाय त्यांनी जन्मात पान्याला हात लावला नव्हता.

"अडलं तर फोरमवर विचार," भाची म्हणाली. "हा खेळ खेळणारेच असतात तिथे. माहितगार आहेत. फक्त त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस."

फोरमवर प्रत्येकाला टोपणनाव घ्यावं लागे. त्यांनी 'मिस्त्री' असंच घेतलं. मग दोन बोटांनी, पाऊण तास खपून, पहिला मजकूर लिहिला : "सप्रेम नमस्कार. विषय : आठ मजली इमारतीतील लिफ्टच्या दरवाज्याबाबत. सदर दरवाजा लिफ्ट जागेवर नसताना उघडतो. दुरुस्ती करण्याची इच्छा आहे. कृपया मार्गदर्शन व्हावे. कळावे."

चार मिनिटांत उत्तर आलं. 'फुकटचा शहाणा' नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं : "जिना वापरा."

दुसऱ्याने लिहिलं : "हा प्रश्न नऊशे वेळा विचारून झालाय. आधी शोधा, मग बोला."

मिस्त्रींनी शोधलं. नऊशे वेळा नव्हे, सहा वेळा विचारला होता. पाच जणांनी शेवटी "सोडून दिलं" असं लिहिलं होतं. सहाव्याने नुसतं "जमलं" एवढंच लिहिलं होतं, कसं जमलं ते सांगितलंच नव्हतं. त्या सहाव्या माणसाबद्दल मिस्त्रींचं जे मत झालं ते पुढे कधीच बदललं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी 'ओली काडी' नावाने एक ओळ आली : "कोणकोणत्या फायली उघडून बघितल्या?"

"एकही नाही," मिस्त्रींनी प्रामाणिकपणे कळवलं.

"उघडा. मग बोलू."

ओली काडी ही बाई की बाप्या, हे मिस्त्रींना शेवटपर्यंत कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. ती रोज दुपारी एक ते दीडच्या दरम्यान यायची, बहुधा जेवणाच्या सुट्टीत, आणि दोन वाक्यांच्या वर लिहायची नाही. तिच्या सांगण्यावरून त्यांनी इमारतीची फाइल उघडली. चौदाशे ओळी निघाल्या. पहिल्या दिवशी त्यातलं एक अक्षर कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कंट्रोल पॅनेलचा नकाशा वाचायची जुनी रीत लावून पाहिली : हे झालं तर ते कर, ते नसेल तर थांब. वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आलं की ही वायरिंगच आहे, फक्त वायर नाही. मग मात्र त्यांचा हात मोकळा झाला, आणि जरा जास्तच मोकळा झाला.

पहिल्या दुरुस्तीनंतर बटण दाबलं तेव्हा लिफ्ट जागेवर राहिली आणि इमारत वर गेली. आठ मजले, गच्चीवरच्या टाकीसकट, शांतपणे ढगात निघून गेले. रस्त्यावरची माणसं त्याखालून ये-जा करत राहिली. पडद्यावर चूक झाल्याची एक लाल चौकट आली. मिस्त्रींनी तिचा फोनने फोटो काढून फोरमवर टाकला. फोटोत अर्धी चौकट, अर्धा खिडकीचा पडदा आणि स्वतःचा अंगठा होता.

"पडदा छान आहे," ओल्या काडीने लिहिलं. "आता नोंदींची फाइल पाठवा. फोटो नको."

दुसऱ्या दुरुस्तीनंतर गावातला एकही दरवाजा उघडेना. पोस्ट ऑफिस बंद, बेकरी बंद, आणि पोस्टमन स्वतःच्याच घरात खांद्याला थैली लावून दारासमोर उभा. बायको कामावरून आली आणि पडद्याकडे बघत उभी राहिली.

"हा बाहेर का पडत नाही?"

"दार उघडत नाही."

"बरी सोबत मिळाली तुम्हाला," ती म्हणाली.

तोवर फोरमवर बातमी पसरली होती की कुणीतरी मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायला निघालाय आणि इमारत उडवून बसलाय. बघ्यांची गर्दी जमली. मग फुकटच्या शहाण्याने लांबलचक मजकूर टाकला. पडण्यातच तर मजा आहे, त्याने लिहिलं. नवा माणूस आला की आम्ही त्याला मुद्दाम आठव्या मजल्यावर धाडतो. आम्ही सगळे तिथे पडलोय. तुम्ही ती लिफ्ट दुरुस्त केलीत तर या खेळात शिल्लक काय राहणार? त्याखाली पन्नासेक लोकांनी पसंतीचे अंगठे दिले होते.

मिस्त्रींनी ते दोनदा वाचलं. मग कुबड्या घेऊन उठले, स्वयंपाकघरात जाऊन पेलाभर पाणी प्यायले, परत येऊन बसले आणि लिहायला लागले.

"माझ्या जोडीला एक माणूस होता. आम्ही बावीस वर्षं एकत्र काम केलं. एका इमारतीत त्याने तक्रार तपासायला बटण दाबलं. दरवाजा उघडला. लिफ्ट वर होती. पाचवा मजला. त्या दिवशी मी दुसऱ्या कामावर होतो. तुमचा खेळ बिघडवायचा नाही. ज्यांना पडायचं आहे त्यांनी माझी दुरुस्ती घालू नये. दरवाजा कुठल्या ओळीत उघडतो, एवढंच मला हवं आहे."

पुढे त्यांनी "तो फार हळू बोलायचा" असं लिहिलं होतं. ते खोडलं आणि बाकीचं पाठवून दिलं.

त्या दिवशी कुणाचंही उत्तर आलं नाही. मिस्त्रींना वाटलं, आपण भलत्या ठिकाणी भलतं बोललो. घरात तो विषय निघत नसे. नऊ वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी एक वाजता ओली काडी आली आणि पहिल्यांदाच दोनापेक्षा जास्त वाक्यं लिहिली. "दोनशे बारावी ओळ. दरवाजा लिफ्टला विचारतच नाही, फक्त बटणाला विचारतो. पण तेवढी बदलून भागणार नाही. आणखी एक फाइल आहे, ती कुणीतरी चुकून आवाजांच्या फोल्डरमध्ये ठेवलीय. म्हणून आजवर कुणाला सापडली नाही. मला काल सापडली. सुट्टी काढली होती."

त्याखाली फुकटचा शहाणा होता. "तपासायला माणूस लागेल," त्याने लिहिलं होतं. "मी पडून बघतो."

आणि तो खरोखरच पडला. दोन दिवसांत त्रेसष्ट वेळा. कुठल्या मजल्यावरून, हातात किती पाकिटं असताना, बटण एकदा दाबून की दोनदा, असा सगळा तक्ता त्याने करून पाठवला. असा तक्ता करणारा माणूस ऑफिसात मिळाला असता तर, असं मिस्त्रींच्या मनात आलं. त्याला त्यांनी "तक्ता व्यवस्थित आहे" एवढंच कळवलं. आणखी एका माणसाने लिफ्ट आल्याची घंटा करून दिली. मिस्त्रींनी ती सहा वेळा परत पाठवली, कारण ती सायकलच्या घंटीसारखी वाजत होती.

एकाच बाबतीत खटका उडाला. ओली काडी म्हणाली, दुरुस्तीला चालू-बंदचं बटण ठेवा, म्हणजे लोक कुरकुर करणार नाहीत.

"सुरक्षेला बंदचं बटण नसतं," मिस्त्रींनी लिहिलं. तो विषय तिथेच संपला.

पाचव्या आठवड्यातल्या बुधवारी दुपारी पोस्टमन आठव्या मजल्यावर उभा राहिला आणि त्याने बटण दाबलं. दरवाजा बंदच राहिला. एकोणीस सेकंदांनी घंटा वाजली, लिफ्ट आली आणि मग दरवाजा उघडला. मिस्त्रींनी त्याला आत जाऊ दिलं नाही. लिफ्ट दर वेळी दुसऱ्याच मजल्यावर नेऊन ठेवून त्यांनी प्रत्येक दारावर पाच-पाच वेळा तपासणी केली, वहीत चाळीस खुणा केल्या आणि मगच पोस्टमनला आत पाठवलं. तो खाली उतरला, रस्त्यावर आला आणि बेकरीकडे वळला.

संध्याकाळी त्यांनी बायकोला पर्स खाली ठेवायच्या आत खुर्चीवर बसवलं. "बटण दाब."

तिने दाबलं. थांबली. लिफ्ट आली.

"आली की," ती म्हणाली.

"हो."

ती थोडा वेळ पडद्याकडे आणि मग वहीतल्या खुणांकडे बघत राहिली. त्या खुणा कशासाठी होत्या हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

"त्यांच्या घरी फोन करू का?" तिने विचारलं. "वहिनींना. फार दिवस झाले."

"उद्या कर."

"आजच करते."

तिने फोन लावला. वहिनींशी ती अर्धा तास बोलली, गुडघ्यांबद्दल, नव्या भाडेकरूंबद्दल, धुण्याच्या मशीनबद्दल. मग फोन मिस्त्रींकडे आला. त्यांनी कसं काय चाललंय, असं विचारलं. वहिनींनी विचारलं, तुमचा पाय कसा मोडला. मिस्त्रींनी खरं ते सांगितलं. पलीकडे वहिनी हसल्या, बराच वेळ हसल्या, आणि म्हणाल्या, "हे असते ना, तर त्यांनी तुम्हाला वर्षभर छळलं असतं."

"वर्षभर कसलं," मिस्त्री म्हणाले, "रिटायर होईपर्यंत."

मॉड फोरमवर चढवला. सोबतच्या टिपेत मिस्त्रींनी कमाल प्रवासी संख्या, वजनाची मर्यादा आणि आग लागल्यास जिना वापरावा, अशी सूचना लिहिली. खेळात आग लागत नाही, हे त्यांना तिघांनी कळवलं. त्यांनी सूचना काढली नाही. पहिल्या आठवड्यात दोनशे जणांनी तो घेतला. एकाची तक्रार आली की लिफ्ट यायला फार वेळ लागतो. "वेळ बरोबर आहे," मिस्त्रींनी उत्तर दिलं. "घाई तुमची आहे."

प्लॅस्टर निघालं आणि ते कामावर रुजू झाले. फोरमवर ते आता फक्त जेवणाच्या सुट्टीत जात. असंच एकदा दुपारी ओल्या काडीने एक आवाज पाठवला. खेळातला नव्हता. तिच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट चौथ्या मजल्याजवळ करकरत होती, महिनाभर. तक्रार केली तर जुनी आहे, होणारच, असं देखभालवाले सांगत होते.

मिस्त्रींनी जेवणाचा डबा बाजूला ठेवला आणि आवाज चार वेळा ऐकला.

"केबिन रुळावर धरून ठेवणारे रबरी जोड झिजलेत," त्यांनी लिहिलं. "धोका नाही, पण आठवड्याच्या आत बदलून घ्या. माणूस एकाच बाजूचा बदलेल. दोन्ही बाजूंचे बदलायला सांगा."

पाचव्या दिवशी उत्तर आलं. "एकच बदलत होता. दोन्ही म्हणून सांगितलं तर विचारलं, तुम्हाला कोण म्हणालं. आमच्यातलेच एक आहेत म्हटलं. दोन्ही बदलले. आवाज गेला."

मिस्त्रींनी ते वाचलं. "बरं केलंत," त्यांनी लिहिलं, आणि मागची तपासणी कुठल्या तारखेला झाली होती ते विचारलं. केबिनमध्ये कार्ड लावलेलं असतं, त्यावर बघून कळवा, म्हणाले.