तळाचे पान

"ट्राममधून उतरताना पानांचा गठ्ठा माझ्या हातून पडला, डॉक्टर. तिसऱ्यांदा सांगतेय," दोना झुल्मिरा म्हणाल्या.

"आणि मी तिसऱ्यांदा म्हणतोय, इतक्या वर्षांनी माणसाला काहीही आठवतं," डॉक्टर एवान्द्रो कॉफीत साखर ढवळत म्हणाले. पेला त्यांनी हस्तलिखिताशेजारी ठेवला. मी तो उचलून खिडकीत नेऊन ठेवला. सकाळपासून चौथ्यांदा.

साओ पाउलोच्या त्या ग्रंथालयात कागद टिकवणे हे माझे काम, शिक्षण रसायनशास्त्राचे. दिवंगत कादंबरीकार आन्सेल्मो क्वाद्रोस यांच्या तीन प्रमुख ग्रंथांची नवी आवृत्ती निघत होती आणि एवान्द्रो तिचे संपादक होते. झुल्मिराबाईंनी तिन्ही ग्रंथ टंकलिखित केले होते. वाद तिसऱ्याचा होता. त्यात नायकाची, म्हणजे रेल्वेच्या फाटकवाल्याची, आई पहिल्याच पानावर पुरली जाते आणि शेवटच्या पानावर अंगणात पेरू सोलत बसते. 'उलट वाहणारा काळ' हा त्यावरचा एवान्द्रोंचा सिद्धांत विद्यार्थ्यांच्या तीन पिढ्यांनी पाठ केला होता.

"काळबिळ काही नाही हो! वारा होता," बाई म्हणाल्या. "सेन्योर आन्सेल्मो एका पानावर एकच उतारा लिहायचे. पानांना आकडे घालायचे नाहीत. म्हणायचे, आकडे कारकुनांनी घालावेत. रस्त्यावरून गोळा केली तशी मी लावली. एकोणीस वर्षांची होते, घर माझ्यावर चालायचं. बोलले नाही."

"आणि छापल्यावर त्यांनाही कळलं नाही?"

"छापलेलं स्वतःचं पुस्तक ते कधी उघडायचे? तुम्हीच लिहिलंयत ना तसं, प्रस्तावनेत!"

एवान्द्रो माझ्याकडे वळले. "तुम्ही शास्त्रज्ञ. समजवा यांना."

मी हस्तलिखितातली डाग पडलेली अकरा पाने टेबलावर मांडली. गठ्ठा कधीतरी सांडलेल्या कॉफीत पडून राहिला होता. डाग तळातून वर चढला होता. सर्वांत मोठा डाग दफनाच्या पानावर, त्याहून लहान त्याच्या वरच्या पानावर, अकराव्यावर नखाएवढा. दफनाचे पान तळाशी होते, म्हणजे शेवटचे. छापील पुस्तकात ही अकरा पाने अकरा ठिकाणी विखुरली होती.

"उरलेली एकशे एक पानं?" एवान्द्रोंनी विचारले.

"त्यांच्याबद्दल मी काही सांगू शकत नाही."

"बघा! तुम्हालाही खात्री नाही!" एवान्द्रो विजयाने म्हणाले. जे माहीत नाही ते प्रामाणिकपणे सांगण्याची हीच शिक्षा असते. "शिवाय कॉफी सांडल्यावर त्यांनी स्वतःच क्रम बदलला असेल."

"त्यांनी नाही, मी बदलला! आणखी किती वेळा सांगू?" बाईंनी टेबलावर हात आपटला. "त्यांची आई गेली त्या महिन्यात लिहिलं होतं ते. शेवटपर्यंत तिला जिवंत ठेवली आणि मगच मातीत घातली. मी पहिल्याच पानावर घातली. लोक मला येऊन सांगतात, काय धाडस होतं हो त्यांचं! नुसती तळटीप द्या, डॉक्टर. माझी चूक म्हणून."

"तळटीप दिली तर मी शिकवू काय?" एवान्द्रो बोलून गेले. मग त्यांनी मृदू स्वरात सांगितले, "ऋणनिर्देशात तुमचं नाव आहेच, दोना झुल्मिरा. 'मूळ क्रमाची निष्ठावान साक्षीदार' असं."

बाईंनी मुद्रितांचा तो कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि शेवटपर्यंत वाचला.

"मग हे काढा," त्या म्हणाल्या. "खोट्याखाली माझं नाव नको."

त्या गेल्या. एवान्द्रोंनी खांदे उडवले आणि पेल्यासाठी हात पुढे केला.

आवृत्ती डिसेंबरात आली. क्रम जुनाच होता. अकरा डागांवरचे माझे टिपण कुठेही नव्हते. ऋणनिर्देशाचे पान मात्र मी नीट पाहिले. जुळाऱ्याने नावे पुन्हा जुळवण्याची तसदी घेतली नव्हती. कागद पुरवणारा आणि बांधणी करणारा यांच्या मध्ये एक ओळ कोरी राहिली होती.