मंगोलियाच्या मुगवड्या

"सुनेले माहेर नसन तर तिचं सासरबी खोटं," असं माझी आई म्हणते. हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते विचारू नका. अन्नपूर्णाबाईंची पुस्तकं त्यांच्या डोक्यातच छापली जातात. मी तिची मुलगी, पौर्णिमा. माझं सासर वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतच, आईच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे, त्यामुळे माझ्या येण्याला ती माहेरी येणं म्हणतच नाही. चक्कर म्हणते.

माझा भाऊ रत्नदीप वर्ध्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. ओयुना मंगोलियाहून वर्ध्याला हिंदी शिकायला आली, आणि पुस्तकं मागता मागता पुस्तकवालाच घेऊन बसली. लग्नाला तिच्याकडचं कुणी येऊ शकलं नाही. मुलीच्या बाजूने उभे राहिले वर्धा जिल्ह्यातल्याच गिरड गावचे तानबाकाका आणि त्यांच्या बायको कौशल्याबाई. माझे बाबा एसटीत कंडक्टर असताना तानबाकाका त्यांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. बाबा गेले, पण काकांचं येणंजाणं चालूच राहिलं. लोकांना वाटलं, हे दोघं एका दिवसापुरते आईबाप झालेत. काकांना तसं वाटलं नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात ते पिशवी घेऊन दारात हजर. म्हणाले, "लेकीले न्याले आलो."

तेव्हापासून दर मे महिन्यात ओयुना गिरडला जाते. आई गल्लीत एवढंच सांगायची, "सून माहेरी गेली." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. विमान जोडलं ते गल्लीने. ओयुना उन्हाने काळवंडून परत आली की शेजारच्या भागीरथाबाई म्हणायच्या, "तिकडंबी लय तपून राह्यलं वाटते." कौशल्याबाईंनी दिलेल्या मुगवड्या घरोघरी वाटल्या जायच्या. भागीरथाबाई त्या वांग्यात घालायच्या आणि सांगायच्या, "मंगोलियाच्या मुगवड्या अगदी आपल्यासारख्याच लागते वो!" आई शांतपणे मान डोलवायची.

खऱ्या माहेरी मात्र ओयुना लग्नानंतर एकदाही गेली नव्हती. आधी पैसे नव्हते, मग करोनाची साथ आली, मग काही ना काही निघत गेलं. तिची आई मोबाइलवर दिसायची. दोघी एकमेकींना बघत बसायच्या आणि बोलायच्या थोडंच.

इथे राहायला तिला काही अडचण नव्हती. तिच्याकडे ओसीआय कार्ड होतं. म्हणजे पासपोर्ट मंगोलियाचा, पण जन्मभर भारतात राहा, नोकरी करा, घर घ्या. फक्त मत द्यायचं नाही आणि शेत विकत घ्यायचं नाही. रत्नदीप म्हणायचा, एवढं पुष्कळ झालं. मलाही तसंच वाटायचं. मत देऊन आम्ही तरी कोणते दिवे लावले?

मग एकदा ग्रामसभेत ती आमच्या गल्लीच्या नालीबद्दल बोलायला उठली. मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, मतदार यादीत नाव हाये का तुमचं?" ती खाली बसली. ओयुना भांडत नाही, ही तिची एक वाईट सवय. मी असते तर त्याची नाली काढली असती. घरी येऊन तिने खारा चहा केला. त्यांच्याकडे दुधाच्या चहात मीठ घालतात, आणि आता आमच्या आईलाही तोच लागतो. कप हातात देत ती म्हणाली, "आई, मले नागरिक व्हाचं हाये."

रत्नदीप दचकलाच. "मंगोलियाचा पासपोर्ट सोडा लागन तुले. भारत दोन नाई ठेवू देत. काऊन हट्ट करून राह्यली? कार्ड हाये ना!"

"कार्डवाली पाहुनी असते," ओयुना म्हणाली. "आठ वर्सं राह्यलेली पाहुनी कोनी पाह्यली का?"

रत्नदीप कागद गोळा करायला लागला. अर्ज केला. लग्न भारतीयाशी, इथे सात वर्षांचं राहणं, हे सगळं जमत होतं. शिवाय एक अट होती, अर्जाआधीचं अख्खं वर्ष देशाबाहेर पाऊल टाकलेलं नको. त्या वर्षी तिच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. तिने ते मोबाइलवर पाहिलं, आणि नंतर बराच वेळ भांडी घासत राहिली.

मग पोलीस चौकशी आली. हवालदार गजेंद्र आले तेव्हा घरी कुणीच नव्हतं, म्हणून त्यांनी गल्लीत विचारलं. आणि आमच्या गल्लीने प्रेमापोटी ओयुनाचं पार वाटोळं केलं. सुनेची तारीफ करायची म्हणजे तिच्या माहेराची करायची, हे इथे बायका जन्मतःच शिकतात. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, बाई मोठ्या घरची, दर वर्षी महिनाभर माहेरी जाते, विमानाने. भागीरथाबाईंनी तर पुरावा म्हणून मुगवड्या दाखवल्या.

दुसऱ्या दिवशी गजेंद्र पुन्हा आले. मी तेव्हा चक्कर टाकायला आलेच होते. "काकू," ते आईला म्हणाले, "गल्ली म्हनते, बाई यंदाच्या मे महिन्यातबी परदेशात गेलती. अन् पासपोर्टवर एक शिक्का नाई. खोटं कोन बोलून राह्यलं, पासपोर्ट का गल्ली? असाच रिपोर्ट गेला तर अर्ज बसला म्हनून समजा."

आईचा चेहरा उतरला. खरं सांगायचं म्हणजे आपल्या सुनेला इतक्या वर्षांत माहेर घडलंच नाही, हे कबूल करायचं. ती उठली, दार लावलं, वरून कडीही घातली.

"गिरडले जाते ते," आई हळूच म्हणाली.

"गिरडले? तिथं कोन हाये?"

"माहेर."

 मग आईने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "पन भाऊ, हे गल्लीत नाई गेलं पाह्यजे."

"माह्या रिपोर्टात खरं जाईन, काकू. गल्लीत कायले जाते?" गजेंद्र हसून म्हणाले. भला माणूस. ते जबाब घ्यायला गिरडला गेले. तिथे नात्यावरून वांधा झाला. ते "परिचित" लिहायला निघाले, तर तानबाकाका म्हणाले, "बाप लिहा, नाईतर सही नाई करत." अखेर "मानलेले वडील" यावर तडजोड झाली. काकांनी सही केली, पण "मानलेले" कशाला पाहिजे होतं, हे ते अजून विचारतात.

बऱ्याच महिन्यांनी मंजुरी आली. आता मंगोलियाचं नागरिकत्व सोडल्याचा कागद आणायचा आणि शपथ घ्यायची, एवढंच उरलं होतं. निरोप घेऊन आलेल्या गजेंद्रना आईने खारा चहा दिला. बिचाऱ्यांनी तो संपवलासुद्धा.

"मंग माहेरी जायची पंचाईत नाई ना?" आईने विचारलं.

"जाता येईन ना, काकू. व्हिसा काढा लागन फक्त."

"म्हंजे आपल्या आईच्या दारात उभं राहाले सरकारले विचाराचं?"

"तिथली राहनार नाई ना मंग ते. आपल्यासारखीच होईन."

आईने कप खाली ठेवला. मग ओयुनाकडे वळून म्हणाली, "पह्यले माहेरी जाऊन ये. तुह्या सोताच्या पासपोर्टवर, कोनाले न विचारता. सही मंग करजो."

ओयुना, जी भांडत नाही आणि रडतही नाही, ती आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. मी तोंड फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले.

नंतर स्वयंपाकघरात मी आईला गाठलं. मला भीती वाटत होती आणि रत्नदीप तर जेवतही नव्हता. इतक्या वर्षांनी आईच्या कुशीत गेलेली पोरगी ते सगळं सोडायला परत कशाला येईल? "अन् नाई आली तर?" मी विचारलं.

"नाई आली तर समजाचं, माहेर खरं होतं," आई म्हणाली, आणि धुतलेला कप पुन्हा धुवायला लागली.

मे महिन्यात ती निघाली. गल्लीला त्यात काही नवल नव्हतं. "निघाली का माहेरी? मुगवड्या आनजो मा!" भागीरथाबाई ओट्यावरून ओरडल्या. ऑटो सुरू झाला तशी आईने वाटीतलं दूध चमच्याने त्याच्यामागे शिंपडलं. ओयुना वर्ध्याला निघाली तेव्हा तिच्या आईने असंच शिंपडलं होतं म्हणे.

तो महिना आई घरात कमी आणि फाटकाजवळ जास्त होती. खारा चहा तिने केला नाही. विचारलं तर म्हणाली, मीठ बरोबर पडत नाही.

आणि ओयुना आली. या वेळी काळवंडली नव्हती, उलट उजळली होती. आईने लगेच खारा चहा ठेवला. पुढच्या आठवड्यात ओयुनाने जुनं नागरिकत्व सोडल्याच्या कागदावर सही केली. पुढे सगळं रीतसर होऊन तिने शपथही घेतली.

पण त्याआधी, ती आली त्याच दिवशी, भागीरथाबाई वाटी घेऊन हजर झाल्या होत्या. ओयुनाच्या आईने तिच्यासोबत दह्याचे वाळवलेले तुकडे दिले होते, दगडासारखे कडक आणि आंबट. ते नुसते तोंडात धरून चघळायचे असतात. ओयुना हे सांगेपर्यंत भागीरथाबाई मूठभर घेऊन गेल्यासुद्धा. संध्याकाळी पातेलं घेऊन तणतणत परत आल्या.

"यंदाच्या मुगवड्या बिघडल्या वो! वांग्यात टाकल्या, तर शिजूनच नाई राह्यल्या. सारी भाजी आंबली."

मला हसू आवरेना. आई मात्र हसली नाही. तिने भागीरथाबाईंच्या पातेल्यातून ते तुकडे एकेक करून वेचले, धुतले, पुसले आणि परत डब्यात ठेवले. एक तेवढा ओयुनाच्या तोंडात घातला.

"एकेकच खाजो, माय," ती म्हणाली. "आता माहेर पुरवून खा लागन."