मासेओंच्या डोक्याचं माप

बेटावरचा स्पॅनिश अंमल संपून दोन वर्षं होत आली होती. स्वातंत्र्ययुद्धात पडलेल्या, काळ्या वंशाच्या जनरल मासेओंच्या पुण्यतिथीला सान्तियागोच्या एका क्लबात डॉक्टर बेरास्तेगींचं व्याख्यान होतं. रुफिना दुआर्ते काकाचा हात धरून आली. लेओन्सिओकाकाही काळाच, जनरलांच्या पलटणीतला कॅप्टन. त्याच्या गुडघ्यातली गोळी अजून तशीच होती.

डॉक्टर मोठे गोड बोलणारे. म्हणाले, "मासेओ म्हणजे नुसतं मनगट, डोकं दुसऱ्यांचं, असं लोक म्हणत आले. पण हवानातल्या विद्वानांनी थडगं उघडून त्यांची कवटी मोजली आहे. मेंदूची जागा थेट गोऱ्या माणसाच्या तोडीची! कोडं सुटलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकाही डोळे पुसत टाळ्या वाजवत होता. रुफिनानं मात्र हात मांडीवरून उचलले नाहीत. पुढच्या आठवड्यात तिची शिक्षिकेची परीक्षा होती आणि परीक्षक हेच डॉक्टर होते. म्हणून ती जागची उठली नाही.

"कॅप्टन, या ना पुढे!" डॉक्टरांनी मापाचा पितळी चिमटा उचलला. "तुमचंही डोकं मोजून दाखवतो."

काका टोपी काढून लंगडत गेलासुद्धा. चिमट्याची टोकं त्याच्या कानशिलांना टेकली, तशी रुफिना ताडकन उठली.

"डॉक्टर, जनरलांचं माप कमी भरलं असतं तर?"

"म्हणजे?"

"पहिल्या लढ्याच्या शेवटी बाराग्वात स्पेनचा सेनापती तह घेऊन आला. गुलाम सुटले नव्हते, देश सुटला नव्हता. भलेभले शिकलेले सह्या करून मोकळे झाले. 'हा तह आम्हाला मान्य नाही' म्हणाला तो एकेकाळचा खेचरं हाकणारा मासेओ! कवटी लहान निघाली असती, तर ते शहाणपण खोटं ठरलं असतं? बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फौज नेली, ती काय वाट चुकून?"

"अगं पोरी, मी त्यांची स्तुतीच करतोय!"

"स्तुती गोऱ्यांच्या कवटीची चाललीय. जनरल फक्त तोंडी लावायला!"

"बस गं खाली!" मागून कुणीतरी ओरडलं. ती बसली नाही. 

काकानं हळूच चिमटा बाजूला सारला. टोपी डोक्यावर चढवली. "डॉक्टरसाहेब, जनरलांच्या डोक्यानं माझा जीव कितीदा वाचवलाय. त्याचं माप मला ठाऊक आहे. चल गं, रुफिना."

परीक्षेत ती नापास झाली. शेरा होता: वर्तन उद्धट.

"माफी माग," काका घरी म्हणाला. "मी येतो बरोबर."

"कशाबद्दल मागू, काका?"

काकानं तोंडातला सिगार बाजूला ठेवला. मग उठला आणि मागच्या पडवीतली कॉफीची पोती ओढून बाहेर काढू लागला.

"बघत काय बसलीस? फळा कुठल्या भिंतीला ठोकायचा, ते सांग."

सोमवारी पडवीतल्या त्या शाळेत पहिली मुलं आली. त्यांतल्या कितीतरी जणांच्या आयांनी त्या दिवशी क्लबात टाळ्या वाजवल्या होत्या.