छबुबाईंचा पंखा

नांदूरघाटजवळच्या एका शाळेला माजी विद्यार्थ्यांनी पंखे दिले आणि प्रत्येक पात्यावर आपापलं नाव रंगवून घेतलं. आता फिरत्या पंख्यावरचं नाव कुणाच्या बापाला वाचता येतं? म्हणून देणगीदार भेटीला आला की मुख्याध्यापिका सुनिता मॅडम वर्गातले पंखे बंद करायच्या. तो मान वर करून नाव वाचायचा, फोटो काढायचा आणि पोरं खाली उकडून निघायची. मॅडमचं डोकं फिरायचं, पण पुढच्या देणगीकडे बघून त्या राग गिळायच्या.

आज पाटोद्याहून आसाराम आला. त्यानं पंखा आईच्या नावानं दिला होता, म्हणून छबुबाईंनाही घेऊन आला. मॅडमनी सवयीनं बटण बंद केलं.

"पंखा कावून बंद केला, बाई?" छबुबाई खेकसल्या.

"आजी, तुमचं नाव दिसावं म्हणून."

"मला कुठं वाचता येतंय! लावा आदी. लेकरं लई घामाघूम झालीत."

पंखा गरगरला. पहिल्या बाकावरच्या पोरीच्या कपाळावरची बट भुरभुरली. तिच्याकडे बोट दाखवत छबुबाई आसारामला म्हणाल्या, "त्ये बघ, दिसलं माझं नाव."